दोनदा मोजलेलं घर

शनिवार, २ मार्च २०१९

माझ्या हातांनी केलेलं:
ओकचे नवे खांब, अकरा.
खालून कुजलेल्या जुन्या खांबांना जोडलेले नवे पाय, तेवीस.
लाकडी मेखा, चारशे बारा. एकही विकत आणलेली नाही.
खिडक्या चौदा, प्रत्येकीला सहा काचा.
दारं नऊ.
वळणाचा जिना, सोळा पायऱ्या, खिळा नाही.
जुन्या खांबांतल्या रिकाम्या खाचा बुजवायला बसवलेली ओकची ठिगळं, सतरा. बोट ठेवून दाखवलं तरी दिसत नाहीत.
दरवाज्यावरची पाटी, एक.

नगरपालिकेच्या फॉर्मवर पान चारला ‘घरमालकानं स्वतः केलेली कामं’ असा रकाना आहे, दोन बोटं रुंद. त्यात हे मावत नाही म्हणून वेगळा कागद जोडला आणि त्याची नक्कल इथे उतरवली. सप्टेंबरात हाल्डेनरोडे गावाला आठशे वर्षं पुरी होतात. त्यानिमित्त पुस्तिका निघणार आहे आणि तिच्या पहिल्या पानावर आमचं घर येणार आहे. कुर्त्से गल्ली, क्रमांक सात. गावातलं सर्वांत जुनं, १५३१ सालचं.

मी सुतार नाही. पंपांच्या कारखान्यात जोडारी होतो. १९९१ साली कारखाना बंद पडला आणि त्याच वसंतात हे घर पालिकेकडून एका मार्काला घेतलं. छपराला भोक होतं, त्यातून आत एक बर्चचं झाड वाढलं होतं. बाकी सगळं पुस्तकांतून आणि चुकांतून शिकलो. एकोणीस वर्षं लागली. पोटासाठी पालिकेच्या यार्डात काम करतो. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ, उन्हाळ्यात बागेतली बाकं.

फॉर्मवर मालक म्हणून दोन नावं छापलेली होती, फोल्कमार आणि इर्मट्राउट डिस्टेल. इर्मट्राउटचं खोडलं. पट्टी लावून. तिला जाऊन चौदा आठवडे झाले.


मंगळवार, ५ मार्च

युलिआनेचा रोस्टोकहून फोन. तिच्या इमारतीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होणार आहेत. घरमालक जूनअखेरपर्यंत थांबायला तयार आहे. म्हणाली, पपा, तोवर काय ते ठरव, घर विकायचं की त्यातच राहायचं, पण ठरव. मी म्हटलं, ठरवतो. मग तिनं विचारलं की मी झोपतो कुठे.

स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपतो. चूल तिथे आहे. वरची खोली तापवायला रोज सात किलो लाकूड जादा लागतं, एका माणसासाठी ते परवडत नाही. हे तिला आकड्यांसकट सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. लाइन खराब असावी.


सोमवार, ११ मार्च

पलंगवाल्या कंपनीचं दुसरं पत्र. इर्मट्राउटच्या आजारपणात वर आणलेला तो चाकांचा पलंग त्यांना परत हवा आहे. त्यांना वाटतं मी चालढकल करतोय. तसं नाही. जिन्याची रुंदी बहात्तर सेंटिमीटर आहे, पलंगाची चौकट नव्वद. वर नेताना मला कठडा काढावा लागला होता. परत काढायचा तर त्याला एक अख्खा दिवस हवा. असं कळवलं.


शनिवार, १६ मार्च

एग्बेर्ट येऊन गेला. चाळीस वर्षं छपरं शाकारली, आता गुडघे गेले म्हणून लोकांच्या छपरांकडे खालून बघत हिंडतो. दर शनिवारी कच्चा खिमा आणि कांदा लावलेले चार पाव घेऊन येतो. आधी दोन त्याचे, एक माझा, एक इर्मट्राउटचा असायचा. हल्ली मी दोन खातो.

म्हणाला, “फोल्कमार, पुस्तिकेत पहिलं पान तुझं म्हणे. आता रस्त्यावरून जाताना तुला टोपी काढून सलाम करायचा, की घराला?”

मी म्हटलं, घराला कर, ते मोठं आहे.

“तुझ्यापेक्षा चारशे बत्तीस वर्षांनी मोठं,” तो म्हणाला. हिशेब बरोबर होता, त्याचं नवल वाटलं.


गुरुवार, ४ एप्रिल

पुस्तिकेत छापायच्या आधी तपासणी म्हणून राज्याच्या वारसा खात्यातून डॉ. हेनरिके सासे नावाची बाई आली. तिशीची असेल. हातात बॅटरी, पाठीवर बारीक पोकळ ड्रिल. लाकडात पेन्सिलीएवढं भोक पाडून आतला गाभा काढायचा, त्यातली वर्षावर्षाची कडी मोजायची, म्हणजे झाड कुठल्या हिवाळ्यात तोडलं ते कळतं. आमच्याकडे ओक ओलाच वापरत, तेव्हा झाड तोडल्याचं साल तेच घराचं साल. तिनं चौदा ठिकाणी भोकं पाडली. मी प्रत्येक भोकाची जागा लिहून घेतली आणि तिच्यादेखत तितक्याच चौदा मेखा ठोकून ती बुजवली. म्हणाली, इतकं नेटकं कुणी करत नाही.

मग तिनं खांबांवरच्या खुणांवर बॅटरी तिरकी धरली. या खुणा प्रत्येक जुन्या घरात असतात. सुतार अख्खी भिंत आधी मोकळ्या जागेवर आडवी जुळवायचा, प्रत्येक लाकडावर पटाशीनं आकडा कोरायचा, मग सुटं करून जागेवर आणायचा आणि आकड्याला आकडा लावून उभं करायचा. आमच्या घरात आकडे दोन तऱ्हांचे आहेत. एक खोल, डावीकडून उजवीकडे वाढत जाणारे. दुसरे उथळ, उजवीकडून डावीकडे. त्याचं स्पष्टीकरण मी या घरावर स्वतः लिहिलेल्या छोट्या पुस्तिकेत पान अकरावर दिलं आहे: दोन सुतार, एक डावखुरा. तिनं ते वाचलेलं होतं.

विचारलं, काम सुरू करण्याआधीची काही रेखाटनं आहेत का. माझी दाखवली. म्हणाली, ही दुरुस्ती झाल्यानंतरची आहेत. त्याआधीची?

त्याआधीच्या वह्या इर्मट्राउटच्या. उन्हाळ्यात पायरीवर बसून ती प्रत्येक खांब काढत असे. मापं अदमासे. मी त्या कधी वापरल्या नाहीत. चार वह्या दिल्या आणि पावती घेतली.

निघताना तिनं भिंतींबद्दल विचारलं. मी सांगितलं, खांबांच्या मधले एकसष्ट कप्पे, सगळा कूड जुन्या पद्धतीचा, ओकच्या उभ्या काठ्यांत हेझलच्या काटक्या विणून वर माती आणि पेंढा. कुणी लिंपला म्हणून विचारलं. म्हटलं, बायकोनं. ते मी यादीत धरत नाही, मातीला कसब लागत नाही, वेळ लागतो.


रविवार, २१ एप्रिल

ईस्टर. युलिआने आली नाही, तिची ड्यूटी होती. चर्चमध्ये गेलो नाही. पूर्वेच्या बाजूचं पन्हाळं साफ केलं. आठ मीटर.


मंगळवार, ७ मे

डॉ. सासे पुन्हा आली, या वेळी ड्रिलशिवाय. स्वयंपाकघरात बसली. मी कॉफी केली. तिनं तिचे कागद आणि इर्मट्राउटच्या वह्या शेजारी शेजारी मांडल्या.

म्हणाली, “हेर डिस्टेल, सांगाडा १५३१ चाच आहे. त्यात तुमची चूक नाही.”

मी थांबलो. लोक असं बोलतात तेव्हा चूक पुढच्या वाक्यात असते.

सांगाडा १५३१ चा. पण जमिनीलगतची आडवी तुळई १६८३ च्या हिवाळ्यातली. हे मला ठाऊक होतं. खालची तुळई नेहमीच कुजते आणि बदलतात, पान नऊ. तिनं मान हलवली. खालचीच नाही, माडीवरच्या दोन छोट्या तुळयाही १६८३ च्या आहेत आणि त्या कोरड्या जागी आहेत, कुजायचं कारण नाही. शिवाय सतरा रिकाम्या खाचा. त्या अशा जागी आहेत जिथे या घरात काहीही जोडलेलं असू शकत नाही. तिथे पूर्वी दुसरा भाग होता, तो आला नाही.

“कुठून आला नाही?” मी विचारलं.

“जिथे हे घर आधी उभं होतं तिथून.”

१६८१ च्या आगीत हाल्डेनरोडेचा हा बहुतेक भाग जळाला, हे शाळेतल्या पोरांना पाठ आहे. लोकांना लवकरात लवकर डोक्यावर छप्पर हवं होतं. तेव्हा आसपासच्या खेड्यांतून घरं विकत घेतली, सुटी केली, बैलगाड्यांवर घालून आणली. जुन्या कायद्यात घर ही जंगम मालमत्ताच होती. जे मशालीनं जळतं ते जंगम, असं म्हणत. ही म्हणही मला ठाऊक होती. पान तीन.

आणताना घर उलट्या तोंडानं उभं केलं, म्हणून दुसऱ्या सुतारानं आकडे पुन्हा घातले, उजवीकडून. डावखुरा कुणी नव्हता.

म्हणजे या जागेवर घर १६८३ पासून आहे. गल्लीत त्याहून जुनी पाच घरं आहेत, आगीतून वाचलेली. त्यातलं सर्वांत जुनं म्हणजे कोपऱ्यावरचं केशकर्तनालय, ज्याच्या दर्शनी भागावर कुणीतरी साठ साली फिकट हिरव्या टाइल्स चिकटवल्या आहेत.

मी विचारलं, खाचा तुम्हाला दिसल्या कशा. त्या दिसत नाहीत.

“नाही दिसल्या,” ती म्हणाली. “तुम्ही इतक्या सफाईनं बुजवल्यात की मी त्यांच्यावरून हात फिरवून पुढे गेले होते. तुमच्या पत्नीनं वहीत काढल्या आहेत. सतराच्या सतरा.”

कॉफी थंड झाली होती. दुसरी केली.


बुधवार, ८ मे

पाटी उतरवली. ‘हाल्डेनरोडेतील सर्वांत जुने घर, १५३१ पासून येथेच उभे.’ ओक, ऐंशी बाय तीस, अक्षरं बेचाळीस मिलिमीटर. चार स्क्रू पितळेचे. मागची लाकडं उजळ राहिली आहेत, चौकोन दिसतो. पालिकेला फोन करून सांगितलं की पहिल्या पानावर केशकर्तनालय घाला. पलीकडची मुलगी म्हणाली, त्या टाइल्स फोटोत कशा दिसतील. मी म्हटलं, हिरव्या.


शनिवार, ११ मे

एग्बेर्टला सगळं कळलेलं होतं. इथे कळायला वेळ लागत नाही, पावाच्या दुकानात एक चक्कर मारली की पुरे.

“म्हणजे तू तीस वर्षं सेकंडहँड घरात राहिलास,” तो म्हणाला. “आणि आम्हाला शहाणपण शिकवलंस.”

मी म्हटलं, अठ्ठावीस.

त्यानं खिशातून केशकर्तनालयाच्या मालकिणीचा निरोप काढला: तिच्याकडे जुनी पाटी चालेल, अक्षरं तीच आहेत. मी हसलो नाही. मग तोही हसला नाही. पाव संपवले. जाताना त्यानं छपराकडे बघितलं आणि म्हणाला की तिसऱ्या ओळीत एक कौल सरकलंय. सरकलं होतं.


मंगळवार, १४ मे

वह्या परत मिळाल्या. वाचल्या.

वही दोन, ११ ऑगस्ट १९९३: ‘खांब चौथा. खुणा दोन हातांच्या, उलटसुलट. हे घर दोनदा मोजलंय. फो.ला सांगितलं. म्हणाला, एकाच हाताच्या दोन पटाश्या.’

मला हे संभाषण आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असेन. तेव्हा मी तसाच विचार करत होतो, डावखुरा सुतार नंतर सुचला.

वही तीन, २ ऑक्टोबर १९९४: ‘फो. खाचा बुजवतोय. एका खाचेला दोन संध्याकाळ. इतकं सुंदर काम. सगळ्या आधीच रेखाटून ठेवल्या आहेत, असू देत.’

वही चार, १७ जून १९९५: ‘पाटी लागली. खाली उभा राहून तासभर बघत होता. खुणांचा विषय मी पुन्हा काढला नाही.’

एवढंच. नंतर सगळी पानं कोरी आहेत, छत्तीस.

तिची रेखाटनं मी माझ्या मोजमापांशी ताडून पाहिली. फरक जास्तीत जास्त चार मिलिमीटरचा निघतो. अदमासे म्हटल्यावर मला वाटलं होतं त्याहून बराच कमी.


गुरुवार, ६ जून

आता दुसरं प्रकरण. इथून बावीस किलोमीटरवर, टेकडीमागे, जुन्या घरांचं संग्रहालय आहे. घरं सुटी करून आणतात, पुन्हा उभी करतात, आत लोक पूर्वीच्या कपड्यांत पाव भाजून दाखवतात. डॉ. सासेनं जुन्या दप्तरात शोधलं. १६८३ साली हाल्डेनरोडेच्या एका तेल्यानं याच टेकडीमागच्या ओबरहाइन या वस्तीतून ‘एक घर, मागचा भाग सोडून’ विकत घेतलं. वस्ती पुढे ओसाड झाली. संग्रहालय नेमकं तिच्याच जागेवर आहे. मागच्या भागाचा दगडी पाया अजून गवतात आहे. बाईनं मापं पाठवली. मी ताडली. सतरा खाचा त्या पायावर बरोबर बसतात.

संग्रहालयाच्या संचालकांना घर हवं आहे. एरवी वारसा खातं असं हलवू देत नाही, पण घर परत मूळ जागी जाणार असेल तर त्यांची हरकत नाही. संचालक येत्या आठवड्यात येणार आहेत.

युलिआनेला कळवलं. ती आधी रडली आणि मग म्हणाली, “पपा, याहून चांगलं काय होणार? घर वाचेल, तुझं काम लोक बघतील, आणि तू इथे येशील.”

तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. मी ते कागदावर लिहिले आणि समोरची बाजू रिकामी ठेवली. दोन दिवसांत त्या बाजूला काही आलेलं नाही.


शुक्रवार, १४ जून

संचालक आले. हेर टेपेल, माझ्याच वयाचे, जाड चष्मा, हात सुताराचे. त्यांनी जिन्यावरून खाली-वर तीनदा ये-जा केली आणि चौथ्यांदा अनवाणी केली. म्हणाले, कुणाकडे शिकलात. कुणाकडे नाही, म्हटलं. त्यांनी सतरांपैकी दोन ठिगळं शोधून काढली. आजवर कुणाला एकही सापडलं नव्हतं. बरं वाटायला हवं होतं.

वरच्या खोलीचं दार बंद होतं. उघडलं नाही. सांगितलं, आत सामान आहे.

त्यांनी काय काय देऊ केलं ते सविस्तर लिहिलं आहे, कागद टेबलाच्या खणात आहे. ३० तारखेपर्यंत उत्तर हवं.

संध्याकाळी मनातल्या मनात ठरवून टाकलं. हो म्हणायचं. काही वाटलं नाही. ताक प्यालो आणि झोपलो.


शुक्रवार, २१ जून

घर सोडायचं तर पलंग द्यायलाच हवा. सकाळी सहाला कठडा काढायला घेतला, अकराला मोकळा झाला. दोन माणसं आली, त्यांनी पलंग वीस मिनिटांत खाली उतरवला. त्यातल्या एकानं जिन्याच्या पायरीवर हात टेकून विचारलं, हे कुणी केलं. मी कागदावर सही केली.

नंतर खोली झाडायला वर गेलो. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा.

पलंगाच्या डोक्याकडची लोखंडी पट्टी आठ महिने भिंतीला घासत होती. तिथला चुन्याचा गिलावा निघाला आहे, साधारण पन्नास बाय तीस. खाली तिची माती दिसते.

मातीवर चुना धरावा म्हणून ती ओली असतानाच तिला चरे पाडावे लागतात. त्यासाठी मी फळीला खिळे ठोकून एक फणी बनवली होती, दोन सेंटिमीटरच्या अंतरावर. साठ कप्प्यांत तीच वापरली आहे, मी एकेक तपासला होता. या कप्प्यात तिनं बोटांनी चरे ओढले आहेत. १९९६ सालचा सप्टेंबर असावा, युलिआने आठ वर्षांची होती आणि खाली पत्र्याच्या टाकीत माती तुडवत होती. मी तेव्हा बोललो होतो, चरे एकसारखे नाहीत. इर्मट्राउट म्हणाली, फणी खालीच राहिली, आणि आता कुठे दिसणार आहे ते.

अंतरं मोजली, मिलिमीटरमध्ये. सतरा, एकोणीस, अठरा. पुढच्या ओळीत अठरा, एकोणीस, सतरा. चार बोटं, मग थोडी जागा, मग पुन्हा चार. डावीकडून सुरुवात, उजवीकडे जाता जाता हलके हलके वर चढत गेलेले. एका ठिकाणी अंगठाही टेकला आहे. त्याच्या रेषा दिसतात.

कठडा आजच परत बसवायचा होता. राहिला.


सोमवार, २४ जून

हेर टेपेलना फोन केला. विचारलं, कुडाच्या भिंती कशा नेता.

त्यांना प्रश्न कळला नाही. म्हणाले, “भिंती नेत नाही ना आपण. लाकूड नेतो. तुम्हाला तर माहीत आहे.”

मला माहीत आहे. घर हलवताना आधी कूड फोडतात. माती खाली पडते, तिथेच राहते. १६८३ लाही तसंच केलं असणार. म्हटलं, एखादा कप्पा अख्खा?

ते म्हणाले, नमुना ठेवता येईल, एवढासा, डब्यात, तारीख घालून. बाकी तिथे नवी माती. त्यांच्याकडे स्वयंसेवक आहेत, उन्हाळ्यात शाळेची मुलं येतात, त्यांना माती तुडवायला फार आवडतं. अख्खा कप्पा कापला तर वाटेत भुगा होतो, दोनदा करून बघितलंय. मग म्हणाले, “कुठला कप्पा आहे तो, हेर डिस्टेल?”

वरच्या खोलीतला, म्हटलं. पश्चिमेचा, खांब चार आणि पाचच्या मधला.

त्यांनी तो कागदावर टिपून घेतल्याचा आवाज आला.


गुरुवार, २७ जून

युलिआनेला कळवलं की मी येत नाही. ती चिडली. म्हणाली, तू आयुष्यभर लाकडाशीच लग्न केलंस, आई होती तेव्हाही आणि आता नाही तेव्हाही, आणि खुद्द संग्रहालय ते लाकूड सांभाळायला तयार आहे तर तुझा अभिमान आडवा येतो. पाटी गेली म्हणून रुसून बसलास.

मी म्हटलं, लाकूड त्यांनी नेलं तरी चालेल. लाकूड हलतं. माती हलत नाही.

“कसली माती?”

वरच्या खोलीतली, म्हटलं. पलंगानं गिलावा निघालाय. चरे बोटांचे आहेत. फणीचे नाहीत.

ती काही बोलली नाही. या वेळी लाइन चांगली होती, मागे तिच्या चुलीवर काहीतरी शिजत असल्याचा आवाज येत होता.

मग म्हणाली, “त्यावर चुना लावू नकोस.”

लावणार नाही, म्हटलं. घासलेल्या कडा तेवढ्या पक्क्या कराव्या लागतील, नाहीतर अजून निघेल.

“कर. पण मी आल्यावर. शनिवारी येते.”

खालच्या मजल्यावरच्या खोल्यांबद्दल तिनं पुन्हा विचारलं नाही.


रविवार, ३० जून

युलिआने काल दुपारी आली. एग्बेर्टनं पाव सहा आणले. कठडा तिघांनी मिळून बसवला, म्हणजे मी बसवला, ते दोघं धरायला होते आणि एग्बेर्ट सूचना करायला. काम निदान दीड तास लांबलं. कडा युलिआनेनं पक्क्या केल्या, कोमट पाण्यात चुना, बारीक कुंचला. मी मधे बोललो नाही. कुंचला तिनं जरा जास्त ओला घेतला होता.

रात्री ती वर झोपली, जुन्या गादीवर, जमिनीवर. मी विचारलं, थंडी वाजली का. नाही म्हणाली. आज तिला गाडीत बसवून आलो आणि गादी तिथेच राहू दिली.

संग्रहालयाला नकाराचं पत्र लिहिलं. कारणं विचारलेली नव्हती, दिली नाहीत. पुढे कुणी विचारलं तर नोंद असावी म्हणून त्यांनी देऊ केलेलं इथे उतरवतो: कुर्त्से गल्ली क्रमांक सात हे घर सुटं करून ओबरहाइनच्या मूळ पायावर, मागच्या भागासह, पुन्हा उभं करणं. त्या कामावर दोन वर्षं प्रमुख सुतार म्हणून माझी नेमणूक. दरवाज्याशी माझ्या नावाची कायमची पाटी. आणि घराची किंमत म्हणून, एकरकमी, एक लाख बेचाळीस हजार युरो.